आरोपीच्या पिंजऱ्यातलं प्रेमगीत

मागच्या अंकात संपादकांनी ‘इंग्रजी प्रेमकवितांबद्दल विचारा’ असं छापलं, आणि माझ्याकडे आलेली बहुतेक पत्रं एकाच कवितेवरची निघाली. शेक्सपिअरचं ११६वं सॉनेट, म्हणजे ठरावीक यमकांची चौदा ओळींची कविता. त्याने सॉनेट्स लिहिली १५४, पण लोकांच्या ओळखीची दोनच. एक उन्हाळ्याच्या दिवसाची तुलना करणारं १८वं आणि दुसरं हे. तेव्हा या वेळचा सगळा स्तंभ ११६व्याला दिला आहे. ज्यांनी कीट्स आणि ब्राउनिंगबाईंबद्दल विचारलं त्यांनी थोडा धीर धरावा.

कविता सगळ्यांसमोर असावी म्हणून चौदा ओळींचा आशय माझ्या गद्यात देते.

खऱ्या मनांच्या विवाहात मी हरकती मान्य करणार नाही. समोर बदल दिसला की जे बदलतं, दूर जाणाऱ्याबरोबर जे स्वतःही दूर व्हायला वाकतं, ते प्रेम प्रेमच नव्हे. छे, छे! प्रेम म्हणजे कायमची रोवलेली खूण. ती वादळांकडे बघत राहते, हलत नाही. भरकटणाऱ्या प्रत्येक तारवाचा तो तारा. त्याची उंची मोजता येते, मोल कळत नाही. गुलाबी ओठ आणि गाल काळाच्या वाकड्या विळ्याच्या फेऱ्यात सापडतात, तरी प्रेम काळाच्या हातचं बाहुलं होत नाही. काळाच्या चार तासांनी नि आठवड्यांनी ते बदलत नाही, जगबुडीच्या काठापर्यंत तग धरतं. हे चुकीचं असेल आणि तसं माझ्यावर शाबीत झालं, तर मी कधी काही लिहिलंच नाही, आणि कुणा माणसाने कधी प्रेम केलंच नाही.

आता पत्रं.

प्रश्न : मुलीच्या लग्नात मला ही कविता वाचायची आहे. निवड मुलीचीच. शब्दांचे अर्थ कोशातून काढले, पण वाचून झाल्यावर हाताला काही लागत नाही. आणि एक मनातलं विचारते. इतक्या वर्षांच्या संसारात आमचं प्रेम बदललं. आटलं नाही, पण बदललं. मग हा कवी ठासून सांगतो ते खोटं, की आमचं प्रेम खोटं?

ताई, दुसरा प्रश्न आधी घेते. तुमच्या बाजूने साक्ष द्यायला खुद्द शेक्सपिअर उभा आहे. ११६च्या आधीचं सॉनेट काढा. ११५ची सुरुवातच कबुलीने होते. मी पूर्वी लिहिलेल्या ओळी खोट्या आहेत, तो म्हणतो. याहून जास्त प्रेम तुझ्यावर करणं मला शक्य नाही असं ज्यांत लिहिलं होतं, त्याच. तेव्हा ते खरं वाटलं होतं, कारण ज्योत पुढे आणखी उजळेल हे कळायला काही मार्ग नव्हता. मग काळावर येतो. काळ शपथांच्या मधे लाखो विघ्नं सरकवतो, राजांचे हुकूम फिरवतो, चांगल्या खंबीर मनांनाही बदलत्या गोष्टींच्या वाटेला लावतो. शेवटी म्हणतो, प्रेम हे तान्हं मूल आहे, ते अजून वाढतंय. त्याला पूर्ण वाढलेलं कसं म्हणू?

तुम्ही पत्रात लिहिलंत ते यापेक्षा फार वेगळं नाही. आणि इतकं लिहिणारा माणूस लगेच पुढच्या सॉनेटमध्ये बजावतो की बदलतं ते प्रेमच नव्हे. का?

उत्तरासाठी पलीकडचा शेजारी बघा, ११७वं. ते तर सरळ ‘माझ्यावर असा आरोप ठेव’ म्हणूनच सुरू होतं. आणि पुढे आरोपांची यादी तोच पुरवतो. तुझ्या गुणांची परतफेड करण्यात मी हात आखडला. तुझ्या प्रेमाची आठवण ठेवायला विसरलो. अनोळखी मनांच्या संगतीत रमलो. तुझ्या हक्काचं होतं ते दुसरीकडे उधळलं. तुझ्या नजरेपासून सगळ्यात लांब नेईल अशा प्रत्येक वाऱ्याला शीड उभारलं. माझ्या चुका लिहून घे, पुराव्यावर संशयाची भर घाल, फक्त रागाने गोळी घालू नकोस. आणि बचाव काय? तर म्हणे, तुझं प्रेम किती टिकतं ते मी पारखून बघत होतो. वर्गात हे वाचून दाखवलं की मागच्या बाकावरून हमखास हशा यायचा. एकदा एक मुलगी म्हणाली, “बाई, हा पकडला गेलाय.” ११६व्यावर मी वाचलेल्या बऱ्याच टीकेपेक्षा ते वाक्य मला जास्त उपयोगी पडलं.

तेव्हा मांडणी बघा. ११५मध्ये कबुली, ११७मध्ये आरोपपत्र, आणि मधे हे तुमच्या मुलीने निवडलेलं. तिन्हींत तेच ते शब्द फिरत राहतात. ११५मध्ये खंबीर मनं, ११६मध्ये खरी मनं, ११७मध्ये अनोळखी मनं. ११६मध्ये भरकटणारं तारू, ११७मध्ये त्याच तारवाचं शीड, आणि ते उभारणारा कोण हेही आता कळलेलं. ११६च्या शेवटी ‘ही चूक असेल आणि शाबीत झाली तर’, आणि ११७मध्ये चुका नोंदवून घ्यायची विनंती, पुराव्यासकट. १६०९ साली लंडनमध्ये टॉमस थॉर्पने ही सॉनेट्स छापली; त्यांचा क्रम कवीने लावला की आणखी कुणी, यावर अभ्यासकांत एकमत नाही. पण या तिघांचा शेजार योगायोगाने जमला असेल असं मला वाटत नाही.

हेलन व्हेंडलर या अमेरिकन समीक्षक बाईंनी ही कविता प्रत्युत्तर म्हणून वाचली आहे. समोरचं माणूस आधी काही बोलून गेलंय, ते आपल्याला ऐकू आलेलं नाही, आपल्या कानावर फक्त उत्तर पडतंय. एकदा हे पटलं की कवितेतले नकार टोचायला लागतात. पेन्सिल घेऊन खुणा करा. लेट मी नॉट. लव्ह इज नॉट लव्ह. ओ नो. नेव्हर शेकन. लव्ह्ज नॉट टाइम्स फूल. ऑल्टर्स नॉट. नेव्हर रिट. नॉर. नो मॅन. शांत बसून प्रेमाची व्याख्या करणाऱ्या माणसाला इतक्या वेळा ‘नाही’ म्हणावं लागत नाही. समोरचं माणूस बहुधा असं म्हणालं असेल: तू बदललास, मीही बदलले किंवा बदललो, प्रेम असंच असतं, उगाच ओढून धरू नकोस. त्यावर हा उसळतो. त्याचं ‘छे, छे’ मधेच येतं, वाक्य तोडून, भांडणात येतं तसं.

आता ‘हरकत’ (मूळ शब्द ‘इम्पेडिमेंट’) कुठली ते सांगते, कारण लग्नाशी तिचा थेट संबंध आहे आणि तुम्हाला वाचताना उपयोग होईल. १५५९च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकातल्या विवाहविधीत पाद्री आधी जमलेल्या लोकांना विचारतो की या दोघांच्या लग्नाला कुणाची रास्त हरकत असेल तर आत्ताच बोला. मग वधूवरांकडे वळून बजावतो: न्यायनिवाड्याच्या त्या भयंकर दिवशी, जेव्हा सगळ्या हृदयांची गुपितं उघडी होतील, तेव्हा तुम्हाला उत्तर द्यावं लागेल, म्हणून तुमच्यापैकी कुणाला काही अडथळा माहीत असेल तर कबूल करा. ही वाक्यं त्या काळच्या प्रत्येक इंग्रज माणसाने देवळात ऐकलेली असत. कवितेची पहिली दीड ओळ या हरकतीवरून उठते आणि बारावी ओळ त्याच शेवटच्या दिवसाच्या काठावर जाऊन थांबते. विधीतली शपथ मरेपर्यंतची. हा गृहस्थ मुदत वाढवून जगाच्या अंतापर्यंत नेतो.

शेक्सपिअरने हा शब्द फक्त देवळात ऐकला होता असंही नाही. नोव्हेंबर १५८२मध्ये ॲन हॅथवेशी त्याचं लग्न झालं तेव्हा तो १८ वर्षांचा, ती २६ची, आणि पोटात मूल. देवळात तीन वेळा जाहीर पुकारा करायचा नियम होता, तो एकाच पुकाऱ्यावर भागावा म्हणून वूस्टरच्या बिशपकडून परवाना काढावा लागला. त्यासाठी वधूच्या बाजूच्या दोन शेतकऱ्यांनी ४० पौंडांचा जामीनरोखा लिहून दिला. पुढे या लग्नात काही कायदेशीर अडथळा निघाला तर बिशपला तोशीस लागू नये, असा त्याचा अर्थ. कवितेतला तोच ‘इम्पेडिमेंट’ त्या रोख्यातही आहे. पुढच्या मे महिन्यात सुझानाचं बारसं झालं. या माहितीवरून कवितेचा अर्थ ठरवू नये, चरित्रावरून कविता लावणाऱ्यांचा मला राग येतो. पण हा शब्द त्याच्यासाठी नुसता पुस्तकी नव्हता, इतकं धरून चालायला हरकत नाही.

तेव्हा तुमचं प्रेम खोटं नाही आणि कवीही खोटारडा नाही. तो हट्टाला पेटलाय. पणाला लागलेला माणूस ‘कधीच’ म्हणतो, आणि म्हणताना त्याला ते खरं वाटतं. लग्नात वाचायला मला तरी हे जास्त योग्य वाटतं, कारण लग्नातली शपथ तरी काय असते? बदलणार नाही असं जो म्हणतो, त्यालाही आजूबाजूला बदलणारी माणसं दिसत असतात.

वाचताना एकच करा. मऊ आवाजात, मान कलती करून, शुभेच्छापत्रासारखं वाचू नका. पहिल्या ओळीत ‘मी’ या शब्दावर जोर द्या: इतरांनी काय करायचं ते करोत, मी नाही करणार. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर, ‘इम्पेडिमेंट्स’नंतर पूर्ण थांबा. ओळ संपली नसली तरी वाक्य तिथे संपतं, आणि उरलेल्या अर्ध्या ओळीत ‘लव्ह इज नॉट लव्ह’ येतं. तेवढा तुकडा क्षणभर लोंबकळू द्या. प्रेम म्हणजे प्रेम नव्हे! मांडवातली माणसं दचकली पाहिजेत. पुढची ओळ त्यांना सावरून घेईल.

प्रश्न : मी इंग्रजी घेऊन पदवीचं शेवटचं वर्ष करतोय. आमच्या नोट्समध्ये ‘मार्क’ म्हणजे दीपगृह आणि ‘स्टार’ म्हणजे ध्रुवतारा असं दिलंय. दोन्ही स्थिर वस्तू. मग लागोपाठ दोनदा तेच कशाला सांगितलं? आणि उंची मोजली पण मोल अज्ञात, याचा नेमका अर्थ काय?

नोट्स बाजूला ठेव. हा चांगला प्रश्न आहे आणि तो पडला याचा मला आनंद झाला.

दीपगृह म्हणजे चूक असं म्हणत नाही, पण डोळ्यापुढे दिवा आणू नकोस. खलाशांच्या बोलीत ‘मार्क’ म्हणजे समुद्रावरून दिसणारी किनाऱ्यावरची कुठलीही ठरलेली खूण. देवळाचं शिखर, टेकडीवरचं एकटं झाड, मुद्दाम उभारलेला खांब. १५६६ साली राणी एलिझाबेथच्या संसदेने अशा खुणांसाठी कायदाच केला. ट्रिनिटी हाउस या दर्यावर्दींच्या संस्थेला खुणा उभारायचा अधिकार दिला, आणि खुणेचं झाड किंवा मनोरा पाडणाऱ्याला १०० पौंड दंड ठेवला. त्या काळी ही रक्कम छोट्या माणसाला आयुष्यातून उठवणारी होती. कारण उघड आहे. खूण हलली की गलबत खडकावर. कवितेत या ओळीच्या नेमकं आधी ‘हलवणारा’ आणि ‘हलणं’ आलंय ते बघ.

आता दोनदा का? कारण खूण किनाऱ्याजवळ कामाची, तारा भर समुद्रात. पहिली सांगते की खडक कुठे आहेत. दुसरा सांगतो की तू स्वतः कुठे आहेस. खुणेच्या ओळींत वादळ आहे, ताऱ्याच्या ओळींत भरकटणं. संकट वेगळं, मदतही वेगळी.

उंची मोजण्याची रीत अशी. क्रॉस-स्टाफ नावाची लांब काठी, तिच्यावर मागेपुढे सरकणारी आडवी पट्टी. काठीचं टोक डोळ्याशी, गालाच्या हाडावर टेकवायचं आणि पट्टी सरकवत न्यायची. पट्टीचं खालचं टोक क्षितिजाला आणि वरचं ताऱ्याला भिडलं की काठीवरचा आकडा वाचायचा. तो ताऱ्याचा क्षितिजापासूनचा कोन. ध्रुवाच्या बाबतीत हा कोन जवळपास तुझ्या अक्षांशाइतकाच येतो. लंडनमध्ये उभा असशील तर साडेएक्कावन्न अंशांच्या आसपास. डुलणाऱ्या डेकवर, थंडीत, डोळ्यात पाणी येत असताना हे करायचं. ‘उंची घेतली’ हे खलाशाचं रोजचं बोलणं होतं. कवीने ते जसंच्या तसं उचललं.

पण या आकड्याने अर्धंच ठिकाण कळतं. उत्तर-दक्षिण समजलं, पूर्व-पश्चिम राहिलंच. समुद्रावर रेखांश काढायची भरवशाची रीत मिळायला अठरावं शतक आणि जॉन हॅरिसनची घड्याळं यावी लागली. आणि ताऱ्यात आणखी जे काही असेल, त्या काळच्या समजुतीप्रमाणे माणसावर पडणारा त्याचा प्रभाव म्हण, किंवा त्याची खरी किंमत म्हण, ते तर कुठल्याच काठीने कळत नाही. मोल अज्ञात, ते या अर्थाने. ज्याच्या आधारावर तू रोज वाट काढतोस ते नेमकं आहे काय, हे तुला माहीत नाही. संपूर्ण कवितेत मला हीच ओळ सगळ्यात आवडते. बाकीच्या ओळी दावे करतात. इथे तो एवढंच म्हणतो की मोजून झाल्यावरही काही उरतं.

परीक्षेत लिहायची गरज नाही, पण एक गंमत सांगते. ध्रुवतारा तेव्हा नेमका ध्रुवावर नव्हता. आजही अगदी नेमका नाही, एका अंशाहून थोडं कमी अंतर आहे. पण १६००च्या सुमारास ते जवळजवळ तीन अंश होतं. पृथ्वीच्या आसाचा रोख हजारो वर्षांच्या फेरीत हळूहळू सरकतो, त्यामुळे असं होतं. म्हणजे हा ‘अढळ’ तारा दर दिवसाला आकाशात एक लहानसं वर्तुळ काढत होता, आणि एक अंश म्हणजे ६० सागरी मैल, असा हिशेब केलास तर दुरुस्ती न करणाऱ्या खलाशाची चूक कुठवर जाईल ते तूच काढ. अनुभवी खलाशांना हे ठाऊक होतं. ध्रुवाजवळच्या लघुसप्तर्षींतले दोन ठळक तारे कुठल्या बाजूला आहेत ते बघून ते आकडा कमीजास्त करत. शेक्सपिअरला हे माहीत होतं का, ते त्याच्या ओळींवरून ठरवता येत नाही. पण ‘ज्युलिअस सीझर’ या १५९९च्या नाटकात सीझर भर सभेत स्वतःला ध्रुवताऱ्यासारखा अचल म्हणवतो, साऱ्या आकाशात त्याला जोड नाही म्हणतो, आणि थोड्याच ओळींनंतर खंजीर चालतात. अढळपणाच्या गर्जनेचं पुढे काय होतं, याची या नाटककाराला चांगली कल्पना होती.

प्रश्न : ‘लव्ह’ आणि ‘रिमूव्ह’ हे यमक कसं? ‘कम’ आणि ‘डूम’? शेक्सपिअरही डोळ्याला दिसेल तेच यमक धरायचा का?

नाही, कानाचंच धरायचा, पण त्याचा कान चारशे वर्षांपूर्वीचा. त्या काळच्या उच्चारांत या जोड्या आजच्यापेक्षा पुष्कळ जवळ होत्या. पुढे स्वर सरकले आणि यमकं फाटली. पण एक बघा. पहिल्या चौकडीतलं, म्हणजे पहिल्या चार ओळींतलं, ‘लव्ह-रिमूव्ह’ आणि शेवटच्या दोन ओळींतलं ‘प्रूव्हड-लव्हड’ एकाच घराण्यातली आहेत. इंग्लिश सॉनेटमध्ये तीन चौकड्या आणि एक जोडी, प्रत्येकीची यमकं सहसा वेगळी. इथे शेवटची जोडी फिरून पहिल्या यमकाकडे येते. बदलणार नाही म्हणणाऱ्या कवितेला ते शोभतं.

प्रश्न : ही कविता एका तरुण पुरुषाला उद्देशून आहे असं वाचलं. खरं आहे का? तसं असेल तर ती नवराबायकोच्या लग्नात वाचणं विचित्र नाही का?

पहिली १२६ सॉनेट्स एका देखण्या तरुणाला उद्देशून आणि १२७ ते १५२ एका सावळ्या स्त्रीभोवती, ही सर्वसाधारण समजूत. सुरुवातीच्या सतरा कवितांत तर त्या तरुणाला लग्न कर, मूल होऊ दे असाच तगादा आहे. त्या हिशेबाने ११६ तरुणाच्या वाट्याला जातं. पण कविता स्वतः उघडून बघा. तिच्यात ‘तू’ नाही. समोरच्या माणसासाठी ‘तो’ नाही आणि ‘ती’ही नाही. ‘मी’ आहे, प्रेम आहे, काळ आहे, एक तारू आहे. पुरावा द्यायला उभा राहिलेला माणूस समोरच्याकडे न बघता न्यायाधीशाकडे बघून बोलतो, तसं काहीसं.

या प्रश्नाची धास्ती जुनी आहे. १६४० साली जॉन बेन्सन नावाच्या प्रकाशकाने सॉनेट्स पुन्हा छापली. त्याने क्रम उलटापालटा केला, कविता एकमेकींना जोडल्या, त्यांना मथळे दिले, आणि काही ठिकाणी पुरुषाची सर्वनामं बदलून स्त्रीची केली. ११६ला त्याने मथळा दिला ‘खऱ्या प्रेमाचं चित्र’ आणि ते एकटं छापलं. माझं बेन्सनशी खरं भांडण सर्वनामांवरून नाही, या मथळ्यावरून आहे. ११५ आणि ११७ बाजूला काढले की तावातावाने बोलणारा माणूस भिंतीवरची तसबीर होतो, आणि पुढे पाठ्यपुस्तकांनी ती तसबीर पुसूनपासून जपली.

तेव्हा विचित्र काही नाही. ज्या दोघांना एकमेकांना शब्द द्यायचा आहे त्यांनी खुशाल वाचावी.

प्रश्न : शेवटच्या दोन ओळी मला पळवाट वाटतात. ‘मी चूक असेन तर मी काही लिहिलंच नाही’. पण लिहिलंय तर खरं! मग हे सिद्ध कसं झालं?

झालंच नाही. तुमचा संशय योग्य आहे, आणि तो बाळगूनच कविता वाचावी. तर्काच्या कसोटीला हे टिकत नाही. प्रेम बदलतं असं उद्या ठरलं, तरी लिहिलेल्या ओळी पुसल्या जाणार नाहीत, आणि आजवर माणसांनी जे केलं ते प्रेम राहील किंवा त्याला दुसरं नाव मिळेल. न्यायालयात असला युक्तिवाद कुणी केला तर न्यायाधीश चष्म्यावरून बघतील.

पण भाषा न्यायालयाचीच आहे. चूक, ती माझ्यावर शाबीत होणं, हे सगळे शब्द खटल्याचे. ज्याच्याकडे साक्षीदार नाही आणि कागद नाही, तो शेवटी स्वतःलाच तारण ठेवतो. शेक्सपिअरकडे ठेवण्यासारखं होतं काय? लिहिलेलं. ते त्याने ठेवलं. फक्त एक गोष्ट विसरू नका, ११५ची पहिली ओळ. मी पूर्वी लिहिलेल्या ओळी खोट्या आहेत, असं त्याने नुकतंच कबूल केलंय. ‘रिट’, म्हणजे ‘लिहिलं’, हाच शब्द दोन्हीकडे आहे. म्हणजे जे तारण तो टाकतोय त्यावर आधीच बोट ठेवलं गेलंय, आणि ठेवणारा तो स्वतःच. मला ही जोडी त्यामुळे पळवाट वाटत नाही. खिशात दुसरं काही नाही हे माहीत असून पैज लावणाऱ्याचा आवाज मला तिथे ऐकू येतो. तुम्हाला ऐकू येत नसेल तर वाद घालणार नाही, पण एकदा ११५ आणि ११६ सलग मोठ्याने वाचा, मग ठरवा.

शेवटच्या ओळीत ‘नॉर’ आणि ‘नो’ असे दोन नकार एकत्र आलेत, त्याने काहीजण गोंधळतात. गणितासारखे ते एकमेकांना खोडत नाहीत. त्या काळच्या इंग्रजीत नकारावर नकार रचला की जोर वाढायचा.

प्रश्न : घरी ठेवायला सॉनेट्सची कुठली आवृत्ती घ्यावी?

टिपा असलेली कुठलीही चालेल, टिपा नसलेली मात्र घेऊ नका. परवडत असेल तर स्टीफन बूथ यांची १९७७ची आवृत्ती बघा. तिच्यात एका बाजूला १६०९च्या छापील पानाचं छायाचित्र आणि समोर आजच्या वर्णलेखनातला मजकूर आहे. टिपा लांबलचक आहेत, एका शब्दाचे चार अर्थ सांगून चारही ठेवा म्हणणाऱ्या; पहिल्या वाचनात त्यांच्याकडे ढुंकूनही बघू नका. जुन्या पानावर ११६ शोधताना आकड्यावर विसंबू नका. १६०९च्या छापखान्यात इंग्रजी सहाच्या आकड्याचा खिळा उलटा लागला आणि या कवितेच्या डोक्यावर ११९ छापलं गेलं. ११५ आणि ११७ यांच्या मधे बघा, सापडेल.